पाच सेंटांचा धडा

"छान आहे," आई म्हणाली.

आमच्या घरात 'छान आहे' याचा अर्थ 'चालवून घेऊ' असा होतो. कुणी आणलेली साडी मनास आली नाही, तरी आई 'छान आहे' म्हणते आणि ती घडी न मोडता कपाटाच्या तळाशी ठेवून देते. त्यामुळे दादाचा आणि माझा चेहरा एकदमच उतरला. ऑनलाइन मागवलेला हिरा आदल्या दिवशी घरी पोचला होता आणि तो आईच्या हातात ठेवण्यासाठी दादा बंगळुरूहून दोन दिवसांची रजा काढून आला होता.

आईने तो खडा खिडकीपाशी नेला. डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. आणि हळूच विचारलं, "अरे, याच्या मधोमध काळं काय दिसतंय? खड्याचं आहे, की माझ्या डोळ्यांचं?"

माझ्या पोटात कालवलं.

आईला आता सत्तरावं लागलंय. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, पण तपासणीत काचबिंदू निघाला. त्यात गेलेली नजर परत येत नाही. रोज थेंब घालून आहे ती जपायची, एवढंच हाती. कडेचं तिला नीट दिसत नाही, तिन्हीसांजेला चाचपडते. समोरचं मात्र अजून दिसतं. "मोती गेला, काच राहिली," असं तीच हसत हसत सांगते. बाबा असते, तर यावर म्हणाले असते, "आणि हिरा माझ्याकडे उधार राहिला."

कारण हे देणं खरोखरच बाबांच्या डोक्यावर होतं. १९९१ साली डोंबिवलीतलं हे वन रूम किचन घेताना पैसे कमी पडले, तेव्हा आईने आजीकडून आलेल्या हिऱ्यांच्या कुड्या कानांतून काढून दिल्या. सात-सात खड्यांच्या, जुन्या घाटाच्या. "पुढच्या दिवाळीला परत करतो," बाबा म्हणाले. मग दादाचं इंजिनिअरिंग आलं, माझा पत्रकारितेचा डिप्लोमा आला, आजीचं दुखणं आलं. ती दिवाळी काही आली नाही. बाबा गेल्यावर कागदपत्रं आवरताना पोस्टाचं एक आवर्ती ठेवीचं पासबुक सापडलं. महिन्याला दोन हजार, पाच वर्षं. आतल्या बाजूला पेन्सिलने एकच शब्द लिहिलेला होता, 'कुड्या'.

दादाने आणि मी ठरवलं, या पैशांना दुसरी वाट नाही. पण आईच म्हणाली, "कुड्या नकोत. कानांची भोकं ओघळली माझ्या. आणि कानातलं मला कुठं दिसणार? हातात काही असलं तर दिसेल तरी." म्हणून एका खड्याची अंगठी करायची ठरली.

दुकानात दोन-तीन खडे दाखवतात, संगणकावर हजारो दिसतात. दादा हिशेबाला पक्का. त्याने तक्ता मांडला: वजन, रंग, स्वच्छता, किंमत. हिऱ्याचं वजन कॅरटमध्ये मोजतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. दादाने निवडलेला हिरा ५५ सेंटांचा होता. रंग 'एफ', म्हणजे बिनरंगी गटातला. स्वच्छता 'व्हीव्हीएस टू', म्हणजे भिंगातूनही डाग शोधावा लागेल अशी. शिवाय तशाच दुसऱ्या हिऱ्यांपेक्षा बारा हजारांनी स्वस्त. 'कट'च्या रकान्यात 'गुड' लिहिलेलं होतं. "गुड म्हणजे चांगलाच की!" दादा म्हणाला. मीही मान डोलावली.

आईच्या त्या प्रश्नानंतर संध्याकाळी मी तो हिरा पुडीत घालून तळमजल्यावरच्या काकांकडे गेले. काका मूळचे सुरतेकडचे. चाळीस वर्षं हिऱ्यांची दलाली केली. पंचरत्न इमारतीतल्या ऑपेरा हाऊसच्या बाजारात त्यांची उमर गेली आणि २०१०नंतर बाजार वांद्रे-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्समध्ये हलला, तेव्हा काही वर्षं तेही लोकलने तिकडे जात. आता घरीच असतात.

मी त्यांना प्रमाणपत्र दाखवायला गेले, तर त्यांनी हाताने बाजूला सारलं. "कागद पछी. आधी हिरा." मोठा दिवा बंद करून त्यांनी फक्त पडदा बाजूला सारला, खडा चिमट्यात धरला आणि किंचित डोलवला. मग म्हणाले, "बेटा, आई बरोबर बोलली. काळं खड्यातच आहे. बेनचे डोळे तुमच्यापेक्षा चांगले."

खरं सांगते, त्या क्षणी पैशांची काळजी वाटण्याआधी मला हायसं वाटलं.

मग काकांनी मला समजावलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. कारण हिरा आयुष्यात एकदाच घेणारी माणसं आपण. चुकायची आपल्याला ऐपत नसते.

हिऱ्याच्या चार गोष्टी बघतात: वजन, रंग, स्वच्छता आणि कट. काका म्हणाले, "पहिल्या तीन जमिनीच्या हातातल्या. चौथी माणसाच्या." कट म्हणजे गोल, चौकोनी असा आकार नव्हे. कट म्हणजे पैलू कोणत्या कोनात पाडलेत, एकमेकांशी कसे जुळलेत, ते. गोल ब्रिलियंट हिऱ्याला ५७ पैलू असतात. तळाचं टोक घासून सपाट केलेलं असेल तर ५८. वरच्या सपाट पैलूला टेबल म्हणतात. त्याच्या भोवतीचा उतरता भाग तो क्राउन, मधली कड ती गर्डल आणि खालचा निमुळता भाग पॅव्हिलियन. सगळा खेळ या खालच्या भागाचा.

"कॅरम खेळलीस ना?" काकांनी विचारलं. "स्ट्रायकर एका कडेला लागतो, दुसऱ्या कडेला लागतो आणि परत आपल्याकडे येतो. हिऱ्यात उजेडाचं तसंच." वरून आलेला उजेड खालच्या एका उतारावर आपटतो, तिथून समोरच्या उतारावर आणि तिथून वर, आपल्या डोळ्यांत. हिऱ्याच्या भिंतीला काटकोनात उभी रेघ कल्पा. त्या रेघेपासून सुमारे साडेचोवीस अंशांहून अधिक तिरका उजेड भिंतीवर आला, तर तो आतच परततो. त्याहून सरळ आला, तर भिंतीतून पार होतो आणि खालून गळून जातो. खालचा भाग प्रमाणाबाहेर खोल झाला, की दुसऱ्या भिंतीवर उजेड सरळ आपटतो आणि मधला भाग काळवंडतो. फार झालं तर त्याला 'नेलहेड', खिळ्याचं डोकं, म्हणतात. उलट खालचा भाग फार उथळ झाला, तर गर्डलचं प्रतिबिंब टेबलातून पांढरट कड्यासारखं दिसतं. तो 'फिशआय', माशाचा डोळा.

हे कोनांचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की या तरुणाने १९१९ साली पुस्तकात मांडलं. बेल्जियममधल्या हिरेकारागिरांच्या घराण्यातला हा मुलगा लंडनमध्ये अभियांत्रिकी शिकला होता. त्याच्या हिशेबाने टेबल हिऱ्याच्या रुंदीच्या ५३ टक्के, क्राउनचा कोन साडेचौतीस अंश आणि पॅव्हिलियनचा ४०.७५ अंश असावा. शंभर वर्षांत पुष्कळ संशोधन झालं, पण आजही चांगल्या गोल हिऱ्याचे आकडे याच आसपास फिरतात.

आता काकांनी आमचा कागद पुढे ओढला. पॅव्हिलियनचा कोन ४२.८ अंश. एकूण खोली रुंदीच्या ६५.२ टक्के. गर्डल जाड. "बघ, वजन कुठे लपवलंय ते! पोटात आणि कमरेत," काका म्हणाले. आणि रुंदी? ५.१० मिलिमीटर. चांगल्या घाटाचा ५० सेंटांचा हिराही वरून तेवढाच दिसतो. म्हणजे आम्ही जास्तीच्या पाच सेंटांचे पैसे मोजले होते ते न दिसणाऱ्या ओझ्याचे. आणि तेच ओझं उजेड अडवत होतं.

"पण असा पाडतात कशाला?" मी विचारलं.

"कारण गिऱ्हाईक वजन विचारतं, घाट विचारत नाही." कच्चा हिरा घासताना अर्ध्याहून अधिक वजन भुकटीत जाऊ शकतं. सेंट-दीड सेंट वाचवला, तर हिरा ५० सेंटांच्या किंवा एका कॅरटच्या उंबरठ्याच्या पलीकडे जातो आणि तिथे भाव एकदम उडी मारतो. घंटीवर बसलेल्या रत्नकलाकाराला नीट कोन कळत नाही, असं नव्हे. मालकाने वजन वाचवायला सांगितलेलं असतं. काका स्वतः तरुणपणी दोन वर्षं सुरतेत घंटीवर बसले होते. डोळे मिचकावत म्हणाले, "मीपण वाचवलंय वजन. पाप कबूल करतो."

यात आमची फसवणूक कुणी केलेली नव्हती, हे सांगायला हवं. सगळं कागदावर छापलेलं होतं. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे जीआयए, या संस्थेने २००६पासून गोल ब्रिलियंट हिऱ्यांच्या कटला पाच श्रेणी ठरवून दिल्या: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर आणि पुअर. आमचा 'गुड' पाचांतला तिसरा होता. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'बरा' लिहिलेलं असतं, तसा. आम्ही शब्द वाचला, त्याची जागा वाचली नाही.

परत करायची मुदत दहा दिवसांची होती आणि खडा अजून जडवलेला नव्हता, हे आमचं नशीब. तरी पैसे खात्यात जमा होईपर्यंत जीव टांगणीला लागला. दादा रोज फोन करायचा. "बाबांनी पाच वर्षं पै पै साठवली आणि मी पाच मिनिटांत तक्ता मांडून मोकळा झालो," असं एकदा म्हणाला आणि गप्प झाला. विम्यासकट कुरिअरचा खर्च आमच्या अंगावर आला. ती शिकवणीची फी, असं आम्ही मानलं.

दुसऱ्यांदा निवडायला मी बसले. काकांनी सुरुवातीलाच बजावलं, "एक्सलंट नसेल तो बघूच नको. पण एक्सलंट सगळे सारखे नाहीत." ते खरंच आहे. जीआयएच्या एक्सलंट श्रेणीत टेबल ५२ ते ६२ टक्क्यांपर्यंत असू शकतं, क्राउनचा कोन साडेएकतीस ते साडेछत्तीस आणि पॅव्हिलियनचा ४०.६ ते ४१.८ अंश. बोर्डात पंचाहत्तर टक्क्यांनाही विशेष श्रेणी आणि अठ्ठ्याण्णवलाही विशेष श्रेणीच, तसं. शिवाय कागदावरचे कोन हे सगळ्या बाजूंची सरासरी काढून जवळच्या आकड्यावर आणलेले असतात. एक पैलू किंचित वर आणि समोरचा किंचित खाली असेल, तर सरासरीत ते दिसत नाही.

मग काय बघायचं? काकांनी साधा नियम दिला. क्राउनचा आणि पॅव्हिलियनचा कोन तराजूच्या दोन पारड्यांसारखे असतात. एक वर गेला, तर दुसरा खाली यायला हवा. दोन्ही एकदम चढले, तर टेबलाच्या कडेखालून उजेड गळतो. टेबल ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ६० ते ६२ टक्क्यांच्या आसपास, क्राउन ३४ ते ३५ आणि पॅव्हिलियन ४०.६ ते ४१ अंश. एवढ्यात राहिलं, तर सामान्य माणूस सहसा फसत नाही. हे सगळं फक्त गोल हिऱ्यापुरतं. लंबगोल, चौकोनी, पेअर यांचं गणित निराळं, त्यांना हे आकडे लावायला जाऊ नये.

या चाळणीतून शेवटी दोन हिरे उरले. दोन्ही एक्सलंट, दोन्ही ५० सेंटांचे, रंग 'एच', स्वच्छता 'व्हीएस टू'. दादा कुरकुरला, "रंग दोन पायऱ्या खाली आणतेस?" पण 'एच' रंगाचा खडा अंगठीत बसवल्यावर त्याची पिवळट झाक आपल्याला सहसा ओळखू येत नाही आणि 'व्हीएस टू'मधला दोष नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. आईला तर नाहीच नाही. तिला दिसणार होता तो फक्त उजेड. मग पैसे उजेडावर खर्च करायचे की भिंगावर?

पहिल्याचे कोन साडेपस्तीस आणि ४१.२ होते, म्हणजे दोन्ही पारडी चढलेली. दुसऱ्याचे साडेचौतीस आणि ४०.८. तरी नुसत्या आकड्यांवर न जाता काकांनी सांगितल्याप्रमाणे मी विक्रेत्याकडे आयडियल-स्कोपचे फोटो मागितले. लाल रंगाच्या एका छोट्या नळीतून हिरा पाहिला, की परतणारा उजेड लाल दिसतो, गळणारा पांढरट आणि पाहणाऱ्याच्या डोक्याची सावली काळी. पहिल्या हिऱ्यात टेबलाच्या कडेखाली फिकट कडं दिसत होतं. दुसरा जवळजवळ सगळा लाल, मध्ये आठ काळे बाण, घड्याळाच्या काट्यांसारखे नेमके. इथे काळं असावंच लागतं. हिरा हलवला की या बाणांची जागा उजळते आणि त्यालाच आपण लखलख म्हणतो. आईला दिसलेलं काळं हलत नव्हतं, हा त्यातला फरक.

फिरत्या हिऱ्याची चित्रफीतही असते. पण ती प्रखर दिव्यांखाली आणि कितीतरी पट मोठी करून घेतलेली असते. तशात साधा खडाही झगमगतो. म्हणून तिच्यात चमक बघायची नाही. फिरताना एखादा भाग सतत काळा किंवा काचेसारखा आरपार राहतो का, तेवढंच बघायचं.

दुसरा हिरा आम्ही मागवला. पुडकं उघडताना दादाने बंगळुरूहून फोनवर बघत ते सगळं चित्रित करून घेतलं. काकांनी भिंगातून गर्डलवर लेझरने कोरलेला क्रमांक वाचला, मी तो कागदाशी आणि मग प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून पाहिला. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत वाढवलेला, हेही त्या नोंदीत कळतं. प्रयोगशाळेतलाही हिराच असतो, तो घ्यायला हरकत नाही. पण काय घेतोय ते ठाऊक असावं. रुंदी होती ५.१२ मिलिमीटर. वजनाने पाच सेंट कमी, आणि तोंडाने पहिल्यापेक्षा केसभर मोठाच.

मग काकांनी मला तो साबणाच्या पाण्यात धुवायला लावला, पुसून खिडकीपासून दूर नेला, टेबलाच्या सावलीत धरला, ट्यूबलाइटखाली धरला. "दुकानातल्या दिव्यात सगळेच हिरे. सावलीत बोलतो तो हिरा," ते म्हणाले. सावलीत तो बोलत होता.

आईला मात्र आम्ही लगेच दाखवला नाही. आधी आमच्या नेहमीच्या सोनाराकडून अंगठी करून घेतली. खडा वर उचललेला, चार नख्यांत धरलेला, पण नख्या पदराला अडकू नयेत म्हणून गोल घासलेल्या.

बाबांच्या तिथीच्या संध्याकाळी देवापाशी समई लावून झाल्यावर मी ती आईच्या बोटात घातली. दिवे अजून लावायचे होते. आई ज्या वेळेला चाचपडते, ती वेळ. तिने हात समईकडे नेला, मग किंचित कलता केला. पुन्हा सरळ केला. पुन्हा कलता. दादा फोनवर होता, तो विचारत होता, "आई, दिसतंय का? काळं नाही ना?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. मी 'छान आहे' ऐकायची तयारी ठेवली होती.

"अगं," ती म्हणाली, "हा तर इकडून तिकडे पळतोय." आणि मग, हात पदराखाली घेत, "यांनी घेतला असता, तर एवढं कोन-बिन काही बघितलं नसतं हो. वजन करून आणला असता."

खरं आहे. बाबांनी वजनच पाहिलं असतं, कारण आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच पाहायला शिकवलंय. सोनं तोळ्यावर घ्यावं. हिरा मात्र तोळून घेऊ नये, उजेडात आणि सावलीत पाहून घ्यावा. पडद्यावरून घेणार असाल, तर आधी कोन विचारा, फोटो मागा, परतीची मुदत वाचा आणि ती संपेपर्यंत खडा जडवू नका.

हिऱ्याला तेलाचा, तुपाचा फार लोभ. खाणींमध्ये पूर्वी चुऱ्यातून हिरे वेगळे करायला चरबी लावलेल्या फळ्या वापरत, इतका तो स्निग्धतेला चिकटतो. कणीक मळणाऱ्या हातात तो आठवड्याभरात मंद होतो. म्हणून दर रविवारी आई भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात अंगठी बुडवते, जुन्या मऊ ब्रशने खालच्या बाजूने घासते, पुसते. मग खिडकीपाशी बसून हात थोडा इकडे, थोडा तिकडे कलता करून पाहते. डोळ्यांत थेंब घालायची वेळ तिला कधी आठवत नसे. आता रविवारी तरी आठवण करून द्यावी लागत नाही.